शहर उभारणीच्या गेमचा स्पीडरन: बेळगाव भागातल्यांनो, नियम ठरवूया का?

घाटमाथा (खानापूर)

नमस्कार मंडळी. ‘सिटीज स्कायलाइन्स’ खेळणारे आपल्या भागात नक्की किती आहेत माहीत नाही, पण खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी मिळून एक चांगला कंपू जमेल याची खात्री आहे. विषय स्पीडरनचा. घड्याळ लावायचं आणि ठरलेल्या रेषेपर्यंत कमीत कमी वेळात पोचायचं. मारिओसारख्या गेममध्ये ही रेषा आयती मिळते, शेवटचा शत्रू पडला की घड्याळ थांबलं. शहर उभारणीच्या गेमला शेवटच नाही. रेषा आपणच आखायची, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

दिवाळीच्या सुट्टीत आपल्या भागातल्यांची एक स्पर्धा घ्यावी असं मनात आहे. बक्षीस आपली बेळगावची मिठाई, कुंदा, तो माझ्याकडून. प्रश्न तीन आहेत. रेषा कुठली धरायची? घड्याळ भिंतीवरचं की गेममधल्या तारखेचं? आणि पॉज करून रस्ते आखायला परवानगी द्यायची का?

माझं मत असं: रेषा 20,000 वस्ती. घड्याळ भिंतीवरचं. पॉज हवा तितका करा, घड्याळ थांबणार नाही. नकाशा सगळ्यांना एकच. मोड (गेममध्ये फेरफार करणाऱ्या जोडण्या) सगळे बंद, गेमबरोबर आयते येणारे ‘अमर्याद पैसा’ आणि ‘सगळं खुलं’ हेसुद्धा.

बोला.

टिळकवाडीकर

विषय झकास. पण भिंतीवरचं घड्याळ धरलंत तर स्पर्धा माणसांची राहणार नाही, प्रोसेसरांची होईल.

या गेममध्ये प्रत्येक माणूस, प्रत्येक गाडी स्वतःचा मार्ग शोधत फिरते. वस्ती वाढली की तो सगळा हिशेब प्रोसेसरवर येतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर सुरुवातीला तिसरा, म्हणजे सगळ्यात वेगवान स्पीड दाबला की दिवस सरसर पळतात. शहर भरलं की तोच तिसरा स्पीड दुसऱ्याच्या चालीने चालतो. शेजारी नवं मशिन घेऊन बसलेला माणूस माझ्यापेक्षा वाईट खेळूनही आधी पोचेल. हा न्याय नव्हे.

निपाणी_नाका

टिळकवाडीकरांना अनुमोदन. गेममधली तारीख धरा. खाली पट्टीवर दिसतेच. ज्याचं शहर कमी दिवसांत 20,000 ला पोचेल तो जिंकला. मशिन जुनं असो, नवं असो, दिवस सगळ्यांना सारखेच.

घाटमाथा (खानापूर)

@निपाणी_नाका, दादा, मग पॉजचं काय? पॉजमध्ये तारीख सरकत नाही. एखादा जण सकाळी पॉज करून बसला, दुपारपर्यंत चौक न् चौक आखला आणि मग प्ले दाबलं, तर त्याला स्पीडरन कसं म्हणायचं? घाईत हात कसा चालतो, डोकं कसं चालतं, हेच तर बघायचं असतं.

निपाणी_नाका

मग पॉजवर बंदी घाला. विषय मिटला.

अथणीचा_अभियंता

पॉज बंद केला तर गेमच बदलतो हो. सुरुवातीला हातात 70,000 असतात. रस्ता, वीज, पाणी, सांडपाणी इतकं झाल्याशिवाय लोक येत नाहीत, आणि बांधलेल्या प्रत्येक गोष्टीचा देखभाल खर्च पहिल्या दिवसापासून सुरू होतो. म्हणून जाणकार लोक आधी पॉजमध्येच सगळं जोडून घेतात, झोन (कुठे घरं, कुठे कारखाने ते पट्टे) रंगवतात आणि मग वेळ सोडतात. पॉज नसेल तर पाइप जोडेपर्यंतच तिजोरी गळायला लागते. खेळण्याची ती एक वेगळी तऱ्हा झाली, वाईट नव्हे, पण वेगळी.

हल्याळचा_जुना_खेळाडू

पोरांनो, हा वाद तुमच्या जन्माआधीचा आहे.

विल राइटने मॅक्सिस कंपनीतर्फे पहिलं सिमसिटी काढलं ते 1989 ला. शेवट नसलेला गेम कोण घेणार, असं तेव्हा गेम प्रकाशित करणाऱ्यांना वाटायचं. म्हणूनच की काय, त्यात परिस्थिती दिलेली शहरं होती: 1906 चं भूकंपग्रस्त सॅन फ्रान्सिस्को, 1965 चं वाहतुकीनं तुंबलेलं बर्न. बर्नला दहा वर्षांची मुदत होती, तेवढ्यात रस्ते मोकळे करून दाखवायचे. ही झाली आयती रेषा.

नंतर 1991 ला सुपर निन्टेन्डो या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर आलं. त्यात नकाशे एक हजार, 000 ते 999, आणि क्रमांक टाकला की जगात कुणालाही तीच नदी, तोच किनारा मिळायचा. स्पीडरनला आणखी काय हवं? पाच लाख वस्ती झाली की शहराला मेगालोपोलिसचा मान आणि मारिओचा पुतळा भेट. त्या पुतळ्यापर्यंतची शर्यत आजही लोक खेळतात.

आता त्यातली मेख ऐका. कर वर्षातून एकदाच, वर्षाअखेरीला गोळा व्हायचा, आणि त्या क्षणी जो दर असेल त्याच दराने. म्हणजे अकरा महिने कर शून्य ठेवायचा, लोक खूश, वस्ती वाढती. डिसेंबर उजाडला की दर चढवायचा, पैसा गोळा करायचा, जानेवारीत परत शून्य. गेमच्या नियमात बसणारी ही चतुराई. पण दुसरी एक युक्ती होती: बजेटच्या पानावर एल बटण धरून ठरावीक क्रमाने आत-बाहेर केलं की तिजोरीत 9,99,999. ही चतुराई नव्हे, गेममधली चूक. म्हणून स्पीडरनवाले दोन वेगळ्या याद्या ठेवतात, चुका वापरून आणि चुका न वापरता. तुम्हीही आधीच ठरवून ठेवा, नाहीतर कुंदा वाटायच्या वेळी भांडण लागेल.

कुंदा_प्रेमी

काका, डिसेंबरची युक्ती वाचून ऑफिसात मोठ्यांदा हसले. वाचनखूण साठवली.

शिवार (येळ्ळूर)

मी गेम खेळत नाही, मुलगा खेळतो. त्याच्या मागे उभा राहून बघतो, म्हणून लिहितोय.

पहिल्याच मिनिटाला तो हायवेच्या टोकापासून सरळ रेघ ओढतो आणि दोन्ही बाजूंना पिवळा पट्टा रंगवतो, कारखाने. खाली काय आहे बघत नाही. गेममध्ये खाली काही नसतंच म्हणा, नुसतं हिरवं गवत. आमच्याकडं हलगा–मच्छे बायपासची रेघ कागदावर ओढली गेली तेव्हा खाली तिबार पिकाची जमीन होती, बासमतीची. शेतकरी वर्षानुवर्षं कोर्टात आणि बांधावर उभे राहिले. मुलाला मी एवढंच म्हटलं, तुझ्या गेममध्ये शेतकरी कुठं आहे? तो म्हणाला, शेतीचा झोन आहे की. आहे, पण तोसुद्धा यानेच रंगवलेला. आधीपासून तिथं राहणारा कुणीच नाही.

वेगाने शहर बांधायची स्पर्धा जरूर घ्या, मुलं खूश होतील. पण ही गोष्ट मला खटकते ती खटकतेच.

नकाशावाली

@शिवार, काका, तुमचं म्हणणं मनाला लागलं. मी सिव्हिलची, नकाशे काढणं हेच माझं रोजचं काम. रिकामी जमीन हा या सगळ्या गेमांचा पाया आहे आणि खऱ्या कामात ती कधीच मिळत नाही. विहीर असते, देवस्थान असतं, भावकीचा दावा असतो.

पण एका बाबतीत हा गेम आपल्याकडच्या कितीतरी मंडळींपेक्षा शहाणा आहे, ती म्हणजे पाणी. नदी खरोखर वाहते. सांडपाण्याचं तोंड वरच्या अंगाला ठेवलंत आणि पंप खालच्या अंगाला, तर थोड्याच दिवसांत सगळं शहर आजारी पडतं. आपलं पिण्याचं पाणी राकसकोपच्या जलाशयातून येतं, शहराच्या वरच्या अंगाहून, ते काही योगायोगानं नाही. आणि खालच्या अंगाला काय होतं ते बळ्ळारी नाल्याकाठी ज्यांची शेतं आहेत त्यांना विचारा. पावसाळ्यात नाला फुगला की वडगाव-शहापूरच्या शिवारात भात पाण्याखाली जातं.

स्पीडरनमध्ये सगळ्यात जास्त रन या पंपावरच मरतात. घाईत प्रवाहाचे बाण बघायचे राहून जातात.

शिवार (येळ्ळूर)

बाई, नाल्याचं लिहिलंत ते अगदी बरोबर. मुलाला वाचून दाखवलं.

चिकोडीचा_चंदू

शहराचं नाव काय ठेवायचं ते पण नियमात घाला. मी तर आपलं जुनंच...

व्यवस्थापक

@चिकोडीचा_चंदू, शहराच्या नावाचा आणि सीमेचा विषय त्याच्या धाग्यावर. इथे गेम. पुढचे तीन प्रतिसाद त्याच कारणाने उडवले आहेत.

गोकाक_धबधबा

घरात कन्नड बोलतो, मराठी मित्रांकडून शिकलो, चूक झाली तर सांभाळून घ्या.

20,000 ची रेषा मला पटत नाही, कारण सांगतो. तुम्ही लवकर पोचायचं म्हणून एका दमात सगळीकडे हिरवा झोन रंगवणार. मग जवळपास एकाच वयाची माणसं एकाच वेळी राहायला येणार. बरीच वर्षं सगळं छान चालतं. मग ती सगळी एकदमच म्हातारी होतात आणि एकदमच मरायला लागतात. खेळणारे याला मरणाची लाट म्हणतात. घरोघरी कवटीचं चिन्ह, शववाहिका ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या, दफनभूमी भरलेली, मग घरं ओस. जो सावकाश, टप्प्याटप्प्याने वस्ती वाढवतो त्याला ही लाट लागत नाही.

तुमचा स्पीडरनवाला 20,000 ला पोचून घड्याळ थांबवणार आणि उठून जाणार. लाट त्याच्या मागून येणार. ज्याने शहर खरंच नीट बांधलं तो तिसरा-चौथा येणार आणि ज्याने मोडकं बांधलं त्याला कुंदा. हे मला बरोबर वाटत नाही.

टिळकवाडीकर

+१. आतापर्यंतचा सगळ्यात चांगला मुद्दा.

घाटमाथा (खानापूर)

@गोकाक_धबधबा, मराठी तुमची माझ्यापेक्षा स्वच्छ आहे. मुद्दा शंभर टक्के मान्य. पण स्पीडरनचं सगळं सौंदर्यच तिथे आहे, जे लागणार नाही ते बांधायचं नाही. रेषेच्या पलीकडची दफनभूमी मी कशाला बांधू? सहा हजारांची पवनचक्की पुरत असेल तर एकोणीस हजारांचं कोळशाचं केंद्र कशाला? एकेक रुपया अडवून, पुढच्या टप्प्याचं बक्षीस कधी हातात पडेल त्यावर नजर ठेवून खेळावं लागतं. टप्पा ओलांडला की गेम रोख रक्कम देतो, ती लगेच रस्त्यात घालायची, रस्ता झाला की झोन, झोन फुकट असतो. लोक आले की पुढचा टप्पा. ही साखळी एकदा लागली की मागे वळून बघायला उसंत नसते. यात मला जो आनंद मिळतो तो संथ खेळात कधी मिळाला नाही.

कुंदा_प्रेमी

मग रेषा बदला ना. 20,000 ला पोचल्यावर घड्याळ लगेच थांबवू नका. वस्ती त्याच्या खाली न जाता गेममधलं काही काळ टिकली पाहिजे, मगच रन धरायचा.

अथणीचा_अभियंता

कुंदाताईंनी एका ओळीत सोडवलं. टिकवायचं म्हटलं की डावपेच पार बदलतात. कचरा साचू देता येत नाही, शाळा टाळता येत नाही, आगीचा बंब लागतो. एका दमात झोन रंगवणाऱ्याला लाट गाठते, म्हणजे थोडं थोडं रंगवावं लागणार. पण किती थोडं? फार जपून गेलात तर वेळ जाणार. खरी स्पर्धा या हिशेबाची होईल.

हल्याळचा_जुना_खेळाडू

टिकवण्यावरून आठवलं. स्पीडरनच्या अगदी उलट टोकाचं एक काम आहे. व्हिन्सेंट ओकास्ला नावाच्या फिलिपिन्समधल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने सिमसिटी 3000 मध्ये मॅग्नासांती नावाचं शहर उभं केलं, त्याचा व्हिडिओ 2010 मध्ये जगभर गाजला. कागदावरची आखणी आणि बांधणी मिळून सुमारे चार वर्षं खपला. साठ लाख वस्ती. रस्ता एकही नाही, सगळी ये-जा भुयारी रेल्वेने. आकडा टिकला, शहर हजारो वर्षं जसंच्या तसं राहिलं. पण माणसं पन्नाशीच्या आसपास मरायची आणि पोलीस गल्लोगल्ली. त्याला तेच दाखवायचं होतं.

म्हणून टिकणं एवढंच पुरेसं धरू नका. आकडा टिकतो आणि माणसं दुःखी, असंही होतं.

नकाशावाली

वा काका! रस्ता नसला की ट्रॅफिक नाही, हे पहिल्या सिमसिटीतही चालायचं ना? रस्त्याऐवजी सगळीकडे रूळ टाकले की बर्नचा प्रश्न सुटायचा.

हल्याळचा_जुना_खेळाडू

होय. सगळे तसंच करायचे.

निपाणी_नाका

ट्रॅफिकचं नाव काढलंत म्हणून. उसाच्या हंगामात आमच्या नाक्यावर या एकदा. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मोळ्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या, वळताना मागची ट्रॉली अख्खा चौक अडवते. ड्रायव्हर खाली उतरतो, मागे जाऊन बघतो, परत चढतो. तोवर मागे रांग. स्कायलाइन्समध्ये कारखान्यांचे ट्रक एकाच लेनमध्ये चिकटून उभे राहतात तेव्हा लोक गेमला नावं ठेवतात. मला तर ते अगदी घरच्यासारखं वाटतं.

टिळकवाडीकर

आणि आमच्याकडे तिसरं गेट! पूल व्हायच्या आधी गाडी जायची वेळ झाली की उद्यमबागची पाळी सुटलेली माणसं, शाळेच्या रिक्षा, बस, सगळं फाटकाच्या दोन्ही बाजूंना. गेममध्ये मी पहिल्याच रनपासून रेल्वे आणि रस्ता एका पातळीवर कधी येऊ देत नाही. पैसे जास्त लागतात तरी उचलून नेतो. वेळ जातो हे कळतं, पण हात धजत नाही.

घाटमाथा (खानापूर)

@टिळकवाडीकर, 20,000 पर्यंत रेल्वेच लागत नाही हो! तिथेच तुमची मिनिटं जातात.

टिळकवाडीकर

जाऊ देत. फाटक नको म्हणजे नको.

जांबोटीचा_पाऊस

मी पण खेळुलालोय हा गेम. माझा प्रश्न साधा आहे, त्यावर कोणीच बोलेना. आमच्याकडं पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. रन शेवटच्या टप्प्यात असताना लाइट गेली तर? सेव्ह केलेल्यातून पुढे चालू करायचं की बाद?

घाटमाथा (खानापूर)

बाद. स्पीडरन एका बैठकीतलाच धरतात. सेव्ह करून परत लोड करायची मुभा दिली की दहा वेळा प्रयत्न करून त्यातला चांगला तुकडा जोडता येतो. व्हिडिओचे तुकडे जोडून विक्रम केल्याचं भासवणारे जगभर पकडले गेलेत. म्हणून तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग रेकॉर्डिंग मागतात आणि तपासणारे आवाज, तारीख, तिजोरीचा आकडा सगळं बघतात.

जांबोटीचा_पाऊस

बाद तर बाद, पण मग हा नियम शहरात राहणाऱ्यांच्या सोयीचा झाला बे. माझ्याकडं ना यूपीएस, ना नवं मशिन. तिसरा स्पीड पण खोटा आणि लाइट पण खोटी. घरी बसून खेळायची स्पर्धा असेल तर आम्ही घाटाकडची पोरं सुरुवातीलाच हरलो की.

गोकाक_धबधबा

हा बरोबर बोलतोय. टिळकवाडीकरांचा प्रोसेसरचा मुद्दा आणि याचा विजेचा मुद्दा, दोन्ही एकच आहेत.

कुंदा_प्रेमी

मग सगळे एकाच मशिनवर खेळा ना! एक जागा, एक मशिन, पाळीपाळीने. भिंतीवरचं घड्याळ मग सगळ्यांना सारखंच.

टिळकवाडीकर

जागा माझ्याकडे आहे. वरची खोली रिकामी, इन्व्हर्टर आहे, शिवाय डेस्कटॉपला यूपीएस. मशिन फार भारी नाही, पण सगळ्यांना तेच. मोठ्या पडद्यावर जोडतो म्हणजे बाकीच्यांना बघता येईल. खानापूर, जांबोटीकडून येणाऱ्यांनी राहायचा विचार करूनच या. आई म्हणाली, जेवणाची काळजी नको.

जांबोटीचा_पाऊस

दादा, येतो. नक्की येतो.

शिवार (येळ्ळूर)

मुलाला घेऊन येईन. अंतर फार नाही. तांदूळ आमच्याकडून, जेवणाला बासमती.

घाटमाथा (खानापूर)

मंडळी, मूळ प्रश्नावर परत येतो, कारण आता उत्तरं हातात आली आहेत. माझ्या पहिल्या मतातलं निम्मं बदललंय.

घड्याळ भिंतीवरचं, कारण मशिन एकच. पॉजला परवानगी, घड्याळ चालू. रेषा कुंदाताई म्हणाल्या तशी: 20,000 गाठायचे आणि गेममधलं पुढचं एक पूर्ण वर्ष त्याच्या खाली जायचं नाही. खाली गेलं तर पुन्हा गाठून वर्ष नव्याने मोजायचं. गेममधली तारीख वेगळ्या रकान्यात लिहू, निपाणीच्या दादांसाठी. तिचा निकाल वेगळा, बक्षीसही वेगळं. मोड बंद. गेममधली चूक सापडली तर ती वापरायची नाही, सगळ्यांना दाखवायची.

@गोकाक_धबधबा, एका वर्षात तुमची लाट येईलच असं नाही, हे मला कळतं. पण जास्त वर्षं ठेवली तर एका दिवसात सगळ्यांच्या पाळ्या होणार नाहीत.

गोकाक_धबधबा

एक वर्ष कमी आहे, माझं मत तेच राहील. पण जेवायच्या सुट्टीत विजेत्याचं शहर तिसऱ्या स्पीडवर तसंच चालू ठेवा. जेवून आल्यावर काय उरलंय ते सगळे मिळून बघू. निकाल बदलायचा नाही, फक्त बघायचं.

अथणीचा_अभियंता

हे फार आवडलं. असंच करा.

घाटमाथा (खानापूर)

ठरलं. माझं शहर असलं तरी चालू ठेवीन.

नकाशावाली

नकाशा कुठला? नदी असलेला घ्या, पंप चुकवणारे तिथेच कळतील. आणि हायवे कुठून आत येतो ते आधी सगळ्यांना दाखवा, नाहीतर पहिल्या पाळीचा माणूस आंधळा खेळेल आणि शेवटचा सगळ्यांचं बघून शहाणा होईल.

हल्याळचा_जुना_खेळाडू

पाळीचा क्रम चिठ्ठ्या टाकून. आणि प्रत्येकाला दोन पाळ्या, दुसरी उलट्या क्रमाने. मी खेळणार नाही, घड्याळ मी धरतो.

घाटमाथा (खानापूर)

काका, घड्याळ तुमच्याकडे. नकाशा नकाशावाली ताई निवडतील, येत्या रविवारी इथेच त्याचं चित्र टाकतील. येणाऱ्यांनी खाली नाव आणि गाव लिहा, म्हणजे टिळकवाडीकरांना जेवणाचा अंदाज येईल.

जांबोटीचा_पाऊस

जांबोटी, दोघं.

निपाणी_नाका

निपाणी, तिघं. कोल्हापूरचा एक मित्र येतो म्हणतोय, चालेल ना?

टिळकवाडीकर

चालेल की! या.